सरकून घेऊ

ओबर्नरॉयट, ४ सप्टेंबर

प्रिय क्विरिन,

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक आहे. बाबांचा रक्तदाब ताब्यात आहे, मांजर फार जाड झालं आहे, आणि सफरचंदं यंदा इतकी लागली की शेजाऱ्यांनी आमच्याकडे यायचं बंद केलं आहे. तू आणि मिन्ना बरे आहात असं मी धरून चालते. पत्रात तू फक्त सासऱ्यांबद्दल लिहिलं आहेस.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बाबांचं नाव निघालं की तुझ्याकडे लगेच कुणीतरी दार वाजवतं. फिनलंडमध्ये, तुर्कूत लोकांचं फार जाणं-येणं दिसतं. पत्राचं बरं आहे. तू ते मधेच ठेवून दिलंस तरी मला कळत नाही.

तर तुझ्या सासऱ्यांना, ताउनोंना, आपल्या घरची बिअर प्यायची आहे. ज्या माणसानं उभा जन्म बंदरात जहाजं आत आणण्यात घालवला, त्याला समुद्रापासून एवढ्या लांब, आमच्या डोंगरात येऊन प्यावंसं वाटतं, याचा मला आनंद आहे. तू महिनाअखेरच्या शनिवारी दुपारी त्यांना दारापर्यंत सोडणार आणि स्वतः समोरच्या मैदानात गाडीत थांबणार, हेही वाचलं. दोनदा वाचलं. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

पाहुण्यानं कसं वागायचं ते लिहून पाठव, म्हणतोस. त्यांना नियम आधी माहीत असलेले बरे वाटतात. हे सगळे नियम तुला येतात. तरी तू मला विचारलंस. मी याचा काही अर्थ काढत नाही.

पहिलं म्हणजे, हे हॉटेल नाही. घर आहे. गावाच्या सामाईक कढईत जवाचा काढा उकळतो, प्रत्येक घर आपापला वाटा तळघरात नेऊन मुरवतं, आणि तयार झाला की दारावर सहा टोकांचा तारा लावतं. तारा असेपर्यंत आमची बैठकीची खोली सगळ्यांची. तारा उतरला की ती पुन्हा आमची, आणि पुढच्या घराची पाळी. त्यांनी 'मेन्यू' मागू नये. बिअर एकच आहे. खायला थंड ताट आहे: धुरावलेलं डुकराचं मांस, सॉसेज, मुळा, पाव. गरम काही हवं असेल तर शेगडी आहे, तिच्याजवळ बसावं.

आत आल्यावर रिकामं टेबल शोधायचं नाही. एकट्यानं कोपऱ्यात बसणं म्हणजे इथल्यांशी भांडण काढणं. भरलेल्या बाकापाशी जायचं आणि विचारायचं, 'जागा आहे का?' जागा नसते. ते दिसत असतं. तरी उत्तर एकच येतं: 'सरकून घेऊ.' मग सगळे कुरकुरत सरकतात आणि माणूस मावतो. आजोबांच्या काळापासून या घरात कुणालाही 'जागा नाही' असं सांगितलेलं नाही.

हे शेवटचं वाक्य मी खोडणार होते. राहू दे. ताउनोंना एवढंच सांग.

बसण्याआधी बोटांच्या पेरांनी टेबलावर दोनदा टकटक करायची. तो नमस्कार. प्रत्येकाचा हात हातात घेत बसलं तर बिअर कोमट होते. टकटक टेबलावरच्या सगळ्यांना पोचते. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्यालासुद्धा, आणि तो 'मला नव्हती' असं म्हणू शकत नाही. उठताना पुन्हा तीच.

बाकावर बसलं की सगळे अरे-तुरे. पाद्री असो, डॉक्टर असो. ताउनोही 'अरे ताउनो' होतील, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. पेल्याला पेला लावताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, पेल्यात नाही. फिनलंडच्या माणसाला हे जड जाईल, मला कल्पना आहे. दीपस्तंभाकडे बघतो तसं बघा म्हणावं.

आणि कुणी विचारलं, 'बिअर कशी आहे?' तर 'छान' म्हणायचं. हा नियम तुला तर ठाऊकच आहे.

एक राहिलं. बाबा शेगडीजवळ उभे असतील. त्यांना 'बसा' म्हणू नका म्हणावं. हा नियम नाही. तसं आहे, एवढंच.

तुझी बहीण,
वाल्बुर्गा


ओबर्नरॉयट, १५ सप्टेंबर

प्रिय क्विरिन,

तुझं कार्ड आलं. एवढ्या मोठ्या कार्डावर एक ओळ: 'बाबा उभे का? पाठ दुखते का?' मागच्या बाजूला रेनडिअर होतं. ते मी स्वयंपाकघरात लावलं आहे.

गेल्या आठवड्यात काढा शिजला. मी आणि गिर्गलनं पहाटे लाकडं लावली. गिर्गल सुताराचं लाकूड असं की अर्धं जळतं आणि अर्धं तो परत घेऊन जातो, म्हणतो, 'याची खुर्ची होईल.' शेजारच्या त्सेन्झीनं नवीन दात बसवले. आता ती सगळ्यांशी बोलते आणि आम्ही जुन्या दातांची आठवण काढतो. गोठ्याच्या छपराची कौलं बदलून झाली.

पाठ उत्तम आहे.

बाबा जेवायला बसतात. चर्चमध्ये बसतात. न्हाव्याकडे बसून झोपतात. फक्त दारावर तारा लागला आणि खोली भरली की ते बसत नाहीत. तू गेलास त्या दिवसापासून.

ती बिअर आंबलीच होती. तुला वाटत असेल की हे फक्त तुलाच कळलं. पहिल्या घोटाला अख्ख्या टेबलाला कळलं होतं. पण विचारल्यावर सगळ्यांनी 'छान' म्हटलं, आणि तू म्हणालास, 'बाबा, ही आंबली आहे. ही देऊ नका.' आणि बाबा म्हणाले, 'मग तुझ्यासाठी इथे जागा नाही.' भरल्या बाकावर. गिर्गलचा घास हातात राहिला. तू उठलास, टकटक न करता गेलास, आणि तुझ्या जागेकडे कुणी सरकलं नाही.

नंतरचं तुला माहीत नाही. तुझी बाजू घ्यावी तर बाबा दुखावणार. बाबांची घ्यावी तर ती बिअर प्यावी लागणार. लोकांनी बिअर प्यायली. तारा उतरेपर्यंत, शेवटच्या पिंपापर्यंत, एकानं तोंड वाकडं केलं नाही. त्सेन्झी अजून सांगते की त्या आठवड्यासारखं तिचं पोट पुन्हा कधी साफ झालं नाही.

आणि बाबा त्या संध्याकाळी जे उठले ते उठलेच. कुणी विचारलं तर गुडघा म्हणतात. मी एकदा तळघरात विचारलं. पाइपनं पिंप धूत होते. म्हणाले, 'ज्यानं जागा नाकारली त्यानं जागा घ्यायची नसते, बुर्गी.' मग म्हणाले, 'पाणी जरा वाढव.'

सहा वर्षं झाली. लोकांना सवय झाली आहे. गिर्गलनं न विचारता शेगडीजवळच्या भिंतीला फळी ठोकली, कोपर टेकायला. तिला पेल्यासाठी गोल खाचही आहे. म्यूनिकहून येणाऱ्यांना वाटतं ही जुनी प्रथा असावी, यजमान उभा राहून पाहुण्यांचा मान ठेवतो. ते फोटो काढतात. मागच्या पाळीला एक अख्खं टेबल बाबांच्या मानार्थ उभ्यानं प्यायलं. त्सेन्झी त्यांच्यावर ओरडली, 'बार्तल, बस रे बाबा, नाहीतर ही माणसं पाय मोडून घेतील!' बाबा म्हणाले, 'उभ्यानं जास्त मावते.'

आम्ही हसतो. मीही हसते. पण आता त्यांना ऐंशी पूर्ण झाली. रात्री मी त्यांचे बूट ओढून काढते आणि घोट्यांवर मोज्याची नक्षी उमटलेली असते. डॉक्टर म्हणतात, उभं राहणं बंद करा. बाबा डॉक्टरांना 'हो' म्हणतात. बसूनच म्हणतात.

तू बाकावर बसल्याशिवाय ते बसणार नाहीत. तुला बोलावणारही नाहीत, कारण कोणत्या तोंडानं बोलवायचं ते त्यांना सुचत नाही. हे मला लिहायचं नव्हतं. पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतंच.

तू गाडीतच थांब, हवं तर. मैदानात लिंडनच्या झाडाखाली सावली असते. मी ताट बाहेर पाठवीन.

बुर्गी


ओबर्नरॉयट, ६ ऑक्टोबर

प्रिय क्विरिन,

तू विचारतोस की ताउनोंनी बाबांना काय सांगून बाहेर पाठवलं. त्यांना विचारलंस तर ते 'बिअर चांगली होती' एवढंच म्हणतात. म्हणून सांगते. शनिवारी वेळच मिळाला नाही. आणि रविवारी तुम्ही सकाळीच निघालात, त्सेन्झीनं दिलेल्या सफरचंदांच्या तीन पिशव्यांसह. ती आमचीच सफरचंदं होती.

काहीही सांगून पाठवलं नाही. क्रमानं सांगते.

ताउनो दारात वाकले, आत आले आणि जहाजांवर शिकलेल्या जर्मनमध्ये, बंदरात ओरडावं तसं ओरडले, "जागा आहे का?" बाकीच्या टेबलांवरचे लोकही वळले. आपल्या टेबलावर नऊ जण होते. नऊ जण म्हणाले, "सरकून घेऊ." त्यांनी टकटक केली ती अशी की पेले उडाले. मग गिर्गल आणि त्सेन्झीच्या मधे बसले. बसले म्हणजे खिळ्यासारखे ठोकले गेले.

"अवघडल्यासारखं होतंय का रे?" त्सेन्झीनं विचारलं.

"आमच्याकडे एवढ्या जवळ फक्त दातांचा डॉक्टर येतो," ते म्हणाले.

"मग तोंड उघड," ती म्हणाली आणि मुळ्याची फोड भरवली.

पेल्याला पेला लावताना त्यांनी एकेकाकडे पाहिलं. घाई न करता. त्सेन्झीची पाळी आली तेव्हा ती लाल झाली. "असं तर माझ्या नवऱ्यानं लग्नातही बघितलं नव्हतं." शेवटी ते वळून शेगडीजवळ बाबांकडे बघत राहिले. बाबांनी पेला उचलला. 'बसा' म्हणाले नाहीत. तू नीट सांगितलं होतंस.

पाहुण्यानं काही आणू नये, हे लिहायचं मी विसरले होते. त्यांनी खिशातून पत्र्याची डबी काढली. फिनलंडच्या काळ्या, खारट गोळ्या. तुला माहीत आहेतच, तू पहिल्या वर्षी घरी पाठवल्या होत्यास आणि मी त्या मुंग्यांसाठी ठेवल्या, तर मुंग्या गेल्या.

डबी टेबलभर फिरली. गिर्गलनं एक तोंडात टाकली. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "छान आहे."

"औषध आहे का?" त्सेन्झी.

"मिठाई आहे," ताउनो.

"मग छान आहे."

सगळ्यांनी 'छान' म्हटलं. एकही गोळी कुणी थुंकली नाही. तेच चेहरे होते, क्विरिन. आंबट बिअरचे. मी ते लगेच ओळखले. मी शेजारचं टेबल पुसत होते, ते पुसतच राहिले.

मग डबी बाबांकडे गेली. त्यांनी गोळी चोखली. तळहातावर काढून पाहिली. आणि म्हणाले, "हे वाईट आहे."

पाहुण्याच्या हातचं, आपल्या घरात, तोंडावर. मला वाटलं, संपलं. आता हे दुसऱ्यांदा.

ताउनोंनी डबी बंद केली. म्हणाले, "आयुष्यभर परदेशी जहाजांवर मी ही पुढे करतो आहे. सगळे छान म्हणतात. खरं बोलणारा तू पहिला." आणि पेला उचलून बाबांना लावायला हात लांब केला. पोचला नाही. मधे गिर्गल होता.

"मग मलाही विचारायचं आहे," ते म्हणाले. "कुणी बिअर कशी म्हणून विचारलं तर 'छान' म्हणायचं, असा नियम मला सांगितला आहे. खरी कशी आहे ते कुणाला सांगायचं?"

नऊ जणांनी माझ्याकडे पाहिलं. मी फडक्याकडे.

बाबांनी गोळी फळीवर ठेवली. मग भिंतीशी बोलावं तसं म्हणाले, "माझी बिअर एकदा आंबली होती. या टेबलानं छान म्हटलं. एकानं नाही म्हटलं."

"जराशी आंबली होती," गिर्गल म्हणाला.

"गप्प बस, गिर्गल," त्सेन्झी म्हणाली. "माझ्या पोटाला विचार."

"तो एक कुठे असतो?" ताउनोंनी विचारलं. खरंच विचारलं. तू त्यांना काही सांगितलं नव्हतंस ना? फक्त फोन करायचेत म्हणून गाडीत थांबतो, एवढंच.

ताउनोंनी एकेकाकडे पाहिलं, मग शेगडीकडे, बाबांच्या नाकाकडे. ते तुझ्यासारखंच आहे. आणि त्यांनी कोटातून तुझा फोन काढून टेबलावर ठेवला. "फोटो काढायला त्यानं मला हा दिला," ते म्हणाले. "मग तो बाहेर कशावर बोलतोय?"

एवढंच झालं. या पलीकडे त्यांनी एक शब्द उच्चारला नाही. बाबांनी पेला फळीच्या खाचेत ठेवला आणि बाहेर गेले. तू मैदानात आहेस हे त्यांना केव्हाचं माहीत होतं. तीनदा पडदा सारून बघितलं होतं. मला म्हणाले होते, "तिथे कुणीतरी वर्तमानपत्र उलटं धरून बसलाय."

खिडकीशी मी गेले. माझ्यामागे सगळं टेबल आलं. बाबा गाडीपाशी थांबले. हाक मारली नाही. टपावर पेरांनी दोनदा टकटक केली. तू काच खाली केली नाहीस. मग केलीस. काय बोललात ते मला माहीत नाही आणि मी विचारत नाही. त्सेन्झी विचारते आहे.

पुढचं तू पाहिलंस, असं तुला वाटतं. पाहिलं नाहीस. दारात उभा राहून तू 'जागा आहे का?' म्हणालास ते जमिनीकडे बघून. म्हणून मी जिथे होते तिथून सांगते.

सगळे खिडकीपासून परत बाकावर आले होते, ताउनो आता पलीकडच्या टोकाला, आणि प्रत्येकाच्या तोंडात ते दोन शब्द तयार होते. गिर्गल तर अर्धा सरकलाही होता. त्सेन्झीनं त्याचा दंड धरला. हे उत्तर त्यांच्यापैकी कुणाचं नव्हतं. बाबा तुझ्या मागे उभे होते, त्यांचं तोंड उघडं होतं, आणि त्यांना ते म्हणता येईना. मला आधी कळलं नाही की का. मग कळलं. उभ्या माणसाला सरकता येत नाही. सरकायला आधी बसावं लागतं.

ते तुला वळसा घालून पुढे आले. टेबलावर तळहात टेकला. गार पाण्यात उतरावं तसे बाकाच्या टोकावर बसले. मग सरकले. वीतभर. बाकावरचे सगळे सरकले, पलीकडच्या टोकाला ताउनो जवळजवळ पडलेच. आणि मग बाबा म्हणाले, "सरकून घेऊ."

तू फक्त शब्द ऐकलेस. मी क्रम पाहिला. तो तुला माहीत असावा म्हणून एवढं लिहिलं.

बाकी सगळं तुझ्यासमोर झालं. बाबांनी "कशी आहे?" विचारल्यावर नऊ माणसं आपापल्या पेल्यात बघायला लागली, आणि तू म्हणालास, "थोडी पाणचट आहे." मला तुला मारावंसं वाटलं. बाबा म्हणाले, "जागा दिली म्हणून डोक्यावर बसू नकोस." गिर्गल इतका हसला की त्याला पाठीत बुक्के मारावे लागले, आणि ताउनोंनी तेही नियमात असेल असं समजून सगळ्यांना एकेक बुक्का मारला.

परवा बाबा तळघरात जवाची पोती चाचपत होते. म्हणाले, "या खेपेला जरा जास्त घालू. कुणीतरी पाणचट म्हणालं होतं." कोण ते म्हणाले नाहीत. पोत्यावर बसून म्हणाले.

एक तक्रार आहे. आता ते उठत नाहीत. पिंप बदलायचं तर मीच, ताटं आणायची तर मीच. तारा उतरायच्या आदल्या दिवशी म्यूनिकची एक बाई आली, गेल्या वर्षी फोटो काढलेली. शेगडीजवळ कुणी नाही हे बघून फार हिरमुसली. "ते उभे राहायचे ना?" तिनं त्सेन्झीला विचारलं. त्सेन्झी म्हणाली, "प्रथा बदलली."

गिर्गल फळी काढायला आला होता. बाबांनी काढू दिली नाही. तिथे आता ताउनोंची डबी असते. कुणी खात नाही, कुणी टाकतही नाही.

आपला तारा पुन्हा नोव्हेंबरच्या शेवटी लागेल. बाक तेवढंच आहे. मिन्नालाही आण. गाडी मैदानात लावू नकोस, तिथे बाजार भरतो.

पत्र संपवताना बाबांना म्हटलं, खाली दोन ओळी लिहा. म्हणाले, पत्रात काय लिहायचं. मी पेन पुढे केलं, त्यांनी ते बाजूला ठेवलं. कागद आपल्याकडे ओढला, पेरांनी त्यावर दोनदा टकटक केली आणि म्हणाले, "हे पाठव."

पाठवते आहे.

तुझी,
बुर्गी